रेफरन्स सिस्टीम: आधी खुंटा पक्का करा

प्रश्न थोडक्यात असा: बारा बाय दहाची खोली, दोन बुकशेल्फ स्पीकर, एक इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर आणि एक डॅक (डिजिटल आवाजाचं ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र). नवा डॅक किंवा नवा ॲम्प घरी आणला की पहिल्या दिवशी जमीन-अस्मानाचा फरक वाटतो, आठवडाभराने तो कुठे गेला ते कळत नाही. तर ज्याच्यासमोर बाकी सगळं तोलता येईल अशी ‘रेफरन्स’ सिस्टीम कशाला म्हणायचं? आणि आणखी किती खर्च केला की आपली सिस्टीम त्या पंक्तीत बसेल?

खर्चाचं आधी सांगतो. नुसत्या पैशांनी ती पंक्ती मिळत नाही. डब्यावर ‘रेफरन्स’ छापलेलं असणं आणि सिस्टीम तुलनेसाठी वापरता येणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. भाजीवाल्याचा काटा सोन्याचा असावा लागत नाही. रिकामा असताना तो शून्यावर उभा राहावा आणि काल जे वजन दाखवलं तेच आज दाखवावं, एवढंच लागतं. ऑडिओतही तेच आहे. सिस्टीममधले दोष माहीत आहेत, लिहून ठेवले आहेत आणि ते महिनोन्‌महिने जागचे हलत नाहीत, अशी सिस्टीम प्रमाण म्हणून चालते. सुंदर वाजणारी पण रोज वेगळी वाजणारी सिस्टीम ऐकायला उत्तम, तोलायला निरुपयोगी.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे बीबीसीचा एलएस ३/५ए. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात बीबीसीच्या संशोधन विभागाने बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी हा छोटा मॉनिटर, म्हणजे आवाज तोलून ऐकायचा स्पीकर, तयार केला. जेमतेम ५ लिटरचं प्लायवूडचं खोकं, त्यात केईएफ कंपनीचा बी११० हा बेक्स्ट्रीन या प्लास्टिकच्या कोनचा वूफर (खालच्या सुरांचा ड्रायव्हर) आणि टी२७ हा ट्वीटर (वरच्या सुरांचा). खालचा बेस जवळजवळ नाहीच, सव्वाशे हर्ट्झच्या आसपास थोडा उंचवटा, संवेदनशीलता ८२-८३ डेसिबल, म्हणजे जोरात वाजवायची सोय नाही. कागदावर हा स्पीकर कुणाला दाखवला तर नाक मुरडलं जाईल. तरीही माणसाच्या आवाजासाठी तो कित्येक वर्षं प्रमाण मानला गेला, कारण परवाना घेतलेल्या प्रत्येक उत्पादकाला ठरलेल्या नमुन्याशी जुळणाराच स्पीकर बनवावा लागे. लंडनच्या गाडीतली जोडी आणि मँचेस्टरच्या गाडीतली जोडी सारखीच बोलली पाहिजे, हा त्यामागचा मुद्दा. या गोष्टीची दुसरी बाजूही शिकण्यासारखी आहे. १९८० च्या दशकात लक्षात आलं की उत्पादनातले ड्रायव्हर मूळ नमुन्यापासून हळूहळू सरकले आहेत. तेव्हा ‘चालतंय की’ म्हणून सोडून दिलं नाही. क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर आणि ट्वीटरमध्ये सूर वाटून देणारं सर्किट, नव्याने आखला आणि १५ ओहमचा स्पीकर ११ ओहमचा झाला. खुंटा हलला तर तो हलला आहे हे कळण्याची सोय त्यांच्याकडे होती. घरी नेमकी हीच सोय नसते.

यामाहाचा एनएस-१० तर १९७८ मध्ये घरगुती स्पीकर म्हणून विकायला आला होता. स्टुडिओवाल्यांनी तो उचलला तो गोड वाजतो म्हणून नव्हे. प्रत्येक स्टुडिओत तोच असल्यामुळे कुठेही गेलं तरी आपण काय ऐकतोय हे कळायचं.

आता तुमच्या खोलीकडे. बहुतेक लोक इथे पानं भराभर उलटतात आणि थेट ॲम्पकडे जातात. पण दोन चांगल्या डॅकमधला फरक एक दशांश डेसिबलच्या घरात असतो आणि खोलीमुळे होणारी उलथापालथ दहा-पंधरा डेसिबलची. खोलीचा हिशोब न करता डॅक तोलणं म्हणजे एसटीत उभं राहून सोनं तोलणं.

बारा बाय दहा म्हणजे साधारण ३.६ × ३ मीटर, उंची २.९ धरू. आपल्याकडे खोलीत ३० अंश तापमान असतं, तेव्हा ध्वनीचा वेग ३४९ मीटर प्रतिसेकंद धरावा. पाश्चात्त्य तक्त्यातला ३४३ हा आकडा २० अंशांचा आहे. वेगाला लांबीच्या दुपटीने भागलं की त्या दिशेची पहिली घुमारी, म्हणजे ज्या सुराला खोली स्वतःच घुमते तो, मिळते: लांबीची ४८ हर्ट्झ, रुंदीची ५८, उंचीची ६०. शेवटच्या दोन जवळजवळ एकमेकींवर बसल्या आहेत, म्हणजे साठच्या आसपास ही खोली बोलणारच. दहा बाय दहाची खोली असती तर काम याहून अवघड. सुमारे २५० हर्ट्झच्या खाली तुम्ही स्पीकरपेक्षा खोली जास्त ऐकता. त्याच्या वर स्पीकरचा स्वभाव आणि पहिली परावर्तनं यांचं राज्य.

स्पीकर आखूड भिंतीशी ठेवा, आवाज लांबीच्या दिशेने जाऊ द्या. पुढचं बाफल (स्पीकरची ड्रायव्हर बसवलेली फळी) मागच्या भिंतीपासून ८५ सेंटीमीटर, प्रत्येक स्पीकरचा मध्य बाजूच्या भिंतीपासून ६५, दोन्ही स्पीकरमध्ये १.७ मीटर. कान स्पीकरमागच्या भिंतीपासून २.३ मीटरवर, म्हणजे तुमच्या पाठीमागे १.३ मीटर मोकळं राहतं. त्रिकोण जवळपास समभुज होतो आणि डोकं खोलीच्या बरोबर मध्यावर येत नाही, जिथे ४८ हर्ट्झ गायब होतो. स्पीकरपासून मागच्या आणि बाजूच्या भिंतीचं अंतर सारखं ठेवू नका. भिंतीवरून परतलेली लाट काही सूर खाऊन टाकते आणि तिथे खड्डा पडतो. अंतर सारखं ठेवलं तर दोन्ही भिंतींचे खड्डे एकाच ठिकाणी पडतात. मागच्या भिंतीमुळे पडणारा खड्डा कुठे येईल ते काढायचं तर वेगाला अंतराच्या चौपटीने भागा. ८५ सेंटीमीटरला तो १०३ हर्ट्झवर येतो, ३० सेंटीमीटरला २९० वर, म्हणजे ऐन आवाजाच्या पट्ट्यात. ‘स्पीकर भिंतीला चिकटवला आणि गाणाऱ्याचा गळा बारीक झाला’ ही तक्रार बहुधा इथूनच येते.

याच मांडणीत बाजूच्या भिंतीवरून येणारा आवाज पाहा. थेट आवाज १.६८ मीटर चालून कानाशी येतो, भिंतीवरून उसळलेला २.५९ मीटर. उशीर २.६ मिलिसेकंद आणि ताकद थेट आवाजापेक्षा जेमतेम पावणेचार डेसिबल कमी. इतका तगडा प्रतिध्वनी एका बाजूला असेल आणि दुसऱ्या बाजूला उघडं दार असेल, तर तुमचं स्टेज, म्हणजे स्पीकरमध्ये उभं राहिल्यासारखं वाटणारं गाण्याचं चित्र, डावी-उजवीकडे कलणारच. मग त्याचं खापर ॲम्पवर फुटतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस १११६ या चाचणी-शिफारशीत पहिल्या १५ मिलिसेकंदांतली परावर्तनं थेट आवाजापेक्षा किमान १० डेसिबल खाली असावीत असं म्हटलं आहे. घरात तिथवर पोहोचायला त्या जागी पॅनेल लागतं. जागा शोधायला कुणालातरी भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. बसल्या जागेवरून आरशात ट्वीटर दिसला की तिथे खूण करा.

पॅनेल कशाचं, हा पुढचा घोटाळा. आपल्या फ्लॅटमध्ये खाली व्हिट्रिफाइड टाइल, चारी बाजूंनी प्लास्टर आणि एक सरकती काचेची खिडकी. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली तर दीडेक सेकंद रेंगाळते. त्यावर लोक सतरंजी अंथरतात किंवा भिंतीला अंड्यांचे ट्रे ठोकतात. सतरंजी फक्त वरच्या सुरांचा झणझणाट खाते, खालचं सगळं तसंच राहतं. त्यामुळे खोली एकाच वेळी मंद आणि घुमणारी होते. अंड्यांच्या ट्रेबद्दल न बोललेलं बरं. काम होतं ते जाडीने. ४८ किलो प्रति घनमीटर घनतेचा रॉकवूल, १०० मिलिमीटर जाड, चार फूट बाय दोन फुटांच्या लाकडी चौकटीत, वरून सुती कापड, मागे ५ ते १० सेंटीमीटर हवेची फट. असे सहा पॅनेल: दोन बाजूच्या पहिल्या उसळीला, दोन डोक्यामागच्या भिंतीवर, दोन पुढच्या कोपऱ्यांत तिरके. त्याशिवाय जाड पडदा, भरलेलं पुस्तकांचं कपाट आणि जुन्या कापसाच्या गाद्यांची रास एका कोपऱ्यात छतापर्यंत. गाद्या दिसायला वाईट, पण खालच्या सुरांवर त्यांचा परिणाम महागड्या फोमपेक्षा चांगला. टाळी विरायचा वेळ अर्ध्या सेकंदाच्या आत आला की पुष्कळ झालं. ०.३ ते ०.४ मिळालं तर उत्तम. त्याहून खाली ओढून खोली मारून टाकू नका.

मग मोजणी. आरईडब्ल्यू हे खोलीतला आवाज मोजणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मायक्रोफोन मात्र स्वतःच्या कॅलिब्रेशन फाइलसकट येणारा यूएसबी प्रकारचा हवा, फोनचा चालणार नाही. दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. पहिली, माइक वर छताकडे ठेवून शून्य अंशाची फाइल लावली जाते. वर ठेवला तर ९० अंशांची फाइल लावायची, नाहीतर वरच्या पट्ट्यात काही डेसिबलची खोटी उतरण किंवा चढण दिसते. दुसरी, पंखा. छताचा पंखा चालू असताना मोजलं तर खालचे आकडे पंख्याचे असतात आणि वरचे हलत्या पात्यांनी ढवळलेले. पंखा, एसी, फ्रिज बंद, रात्री अकरानंतर. ऐकतानाही तेच. पंख्याखाली बसून ‘ब्लॅक बॅकग्राउंड’बद्दल बोलण्यात अर्थ नाही.

डावा आणि उजवा स्पीकर वेगवेगळा मोजा, डोक्याभोवतीच्या एका फुटाच्या घनात नऊ ठिकाणी, आणि सरासरी काढा. एकाच बिंदूवरची मोजणी माइक पाच सेंटीमीटर सरकला तरी वरच्या पट्ट्यात बदलते. या आलेखात मला सरळ रेघ नको असते. चांगला स्पीकर खुल्या जागेत सपाट असला तर खोलीत त्याची रेघ बेसकडून ट्रेबलकडे हळूहळू उतरत जाते आणि तेच बरोबर आहे. ती इक्वलायझरने वर उचलून सपाट केली तर आवाज कर्कश होतो. पाहायचं ते असं: ३०० हर्ट्झच्या वर डाव्या-उजव्याच्या रेघा एक-तृतीयांश सप्तकाच्या स्मूदिंगवर एकमेकींपासून एक डेसिबलहून लांब जात नाहीत ना. जात असतील तर मांडणी किंवा स्पीकरची जोडी यात गडबड आहे. दोन्ही स्पीकरची अदलाबदल करा. फरक स्पीकरबरोबर गेला तर दोष स्पीकरचा, जागेवर राहिला तर खोलीचा. २५० च्या खाली डीएसपीने (डिजिटल इक्वलायझरने) उंचवटे कापायला हरकत नाही. खड्डे भरायला जाऊ नका. तो खड्डा लाटा एकमेकींना खाऊन पडलेला असतो. तिथे दहा डेसिबल ओतलेत तरी तीही खाल्ली जातात, वर ॲम्पला दहापट ताकद द्यावी लागते ती वेगळीच.

इलेक्ट्रॉनिक्सवर थोडक्यात. प्रमाण म्हणून ठेवायच्या ॲम्पचा आउटपुट इंपिडन्स (एसी प्रवाहाला होणारा विरोध) कमी हवा, ०.१ ओहमच्या आत. कारण साधं आहे. स्पीकरचा इंपिडन्स ४ ओहमपासून ३० ओहमपर्यंत वरखाली होत असतो. १ ओहम आउटपुट इंपिडन्सच्या ट्यूब ॲम्पवर ४ ओहमपाशी सुमारे १.९ डेसिबल कमी पडतात आणि ३० ओहमपाशी फक्त ०.३. म्हणजे ॲम्पने स्पीकरला दीड डेसिबलचा इक्वलायझर लावला. तो कुणाला आवडेलही, पण मग तो ॲम्प प्रमाण उरत नाही, त्या एका स्पीकरचा मसाला होतो. ०.०५ ओहमच्या ॲम्पवर हाच फरक ०.१ डेसिबलच्या आत राहतो. वायरीचंही गणित हेच. घराच्या वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर पाच मीटर नेली तर जाऊन-येऊन ०.०७ ओहम. ४ ओहमच्या स्पीकरवर त्याने ०.१५ डेसिबल जातं. याहून जास्त वायरीवर बोलण्यासारखं नाही. दोन्ही बाजूंची लांबी सारखी ठेवा, टोकं कुजू देऊ नका.

गुणगुण येत असेल तर तिचा सूर ओळखा. ५० हर्ट्झचा मऊ हूं असेल तर अर्थिंगचं वेटोळं किंवा ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेली केबल. १०० हर्ट्झचा दाणेदार आवाज असेल तर पॉवर सप्लायचे कॅपेसिटर म्हातारे झालेत. पहिल्यावर उपाय म्हणून अर्थची पिन तोडणारे आहेत. तसं करू नका, जीव जाईल. सगळी यंत्रं एकाच भिंतीच्या सॉकेटवरून एका पट्टीवर घ्या, नाहीच गेलं तर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका.

आता मूळ तक्रारीकडे, की पहिल्या दिवशी फरक आणि आठवड्याने गायब. दहांतल्या आठ वेळा याचं कारण आवाजाची पातळी असते. एका डॅकचं आउटपुट २ व्होल्ट, दुसऱ्याचं २.३ व्होल्ट. हा १.२ डेसिबलचा फरक आहे. इतक्या फरकाला कान ‘मोठा’ म्हणत नाही. ‘मोकळा’, ‘खोल’, ‘जिवंत’ म्हणतो. बेसही भरतो, कारण कमी पातळीवर कान खालच्या सुरांना बहिरा असतो आणि पातळी वाढली की तो बहिरेपणा कमी होतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं. बॅलन्स्ड आणि साध्या आउटपुटची तुलना तर आणखी फसवी, तिथे ६ डेसिबलचा फरक जन्मजातच असतो.

म्हणून पातळी कानाने नव्हे, मीटरने जुळवायची. दोन डॅक किंवा दोन ॲम्प यांची तुलना असेल तर स्पीकरच्या टर्मिनलवर ट्रू-आरएमएस मल्टिमीटर लावा, एसी व्होल्ट, आणि २०० हर्ट्झचा साइन टोन वाजवा. १ किलोहर्ट्झ मुद्दाम सांगत नाही, कारण स्वस्त मीटर ४०० हर्ट्झच्या पुढे आकडा खाली दाखवू लागतात. पहिल्या यंत्राला २.००० व्होल्ट आणा. ८ ओहमवर ती अर्धा वॉट होते, स्पीकरला धोका नाही. दुसऱ्याला १.९७७ ते २.०२३ च्या मध्ये आणा. हीच ती ०.१ डेसिबलची मर्यादा. दोन्ही चॅनेल वेगवेगळे तपासा. साध्या पोटेन्शियोमीटरचा व्हॉल्यूम सातच्या काट्याजवळ असेल तर डावं-उजवं एक-दोन डेसिबलनेही बिघडलेलं सापडतं. बाराच्या आसपास आणून बाकीचं आधीच्या पायरीत कमी करा. दोन स्पीकरची तुलना असेल तर टर्मिनलवरचा व्होल्ट कामाचा नाही. तिथे ५०० ते २००० हर्ट्झचा मर्यादित पिंक नॉइज (चाचणीसाठी वापरतात तो सगळ्या सुरांचा खळखळाट), माइक कानाच्या जागी आणि अर्ध्या डेसिबलच्या आत जुळणी.

ऐकण्याची मूळ पातळीही एकच ठरवून टाका. उणे २० डीबीएफएस आरएमएसचा (म्हणजे डिजिटल कमाल पातळीच्या २० डेसिबल खाली) पिंक नॉइज एका वेळी एका स्पीकरमधून, आवाजाची पातळी मोजणारा मीटर सी-वेटिंग आणि स्लो या सेटिंगवर. मोठ्या खोल्यांचे ८३-८५ हे आकडे इथे लावू नका. अमेरिकी टीव्ही प्रसारणाच्या ए/८५ शिफारशीत १५०० घनफुटांहून लहान खोलीला ७६ डेसिबल सांगितले आहेत आणि तुमची खोली अकराशेच्या घरात आहे. ७६ आले की व्हॉल्यूमच्या बटणावर खूण करा. तुलना नेहमी त्याच खुणेवर.

पातळी जुळली की उरतो डोळा. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी हार्मन या ऑडिओ कंपनीत तेच स्पीकर एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ऐकवले. ऐकणारे कंपनीचेच, या धंद्यात मुरलेले लोक. तरी दिसत असताना मोठ्या, देखण्या स्पीकरना मिळालेली आघाडी पडद्यामागे आटली. आपण त्याला अपवाद आहोत असं ज्याला वाटतं त्याने आधी पडदा लावावा.

घरच्या घरी करायचं तर अदलाबदल एका सेकंदाच्या आत व्हायला हवी. बारकाव्यांची श्रवणस्मृती काही सेकंदांची असते. केबल काढून दुसरीकडे लावण्यात दोन मिनिटं गेली की तुम्ही आठवणीशी तुलना करत असता. दोन ॲम्पसाठी स्विच बॉक्स बनवताना नीट लक्ष द्या. लाल आणि काळी अशा दोन्ही तारा तुटल्या पाहिजेत. काळी तार सामाईक ठेवून चालणार नाही, कारण ब्रिज पद्धतीच्या आणि बहुतेक क्लास-डी ॲम्पमध्ये काळ्या टर्मिनलवरही सिग्नल असतो. असे दोन ॲम्पचे काळे जोडलेत तर एक तरी जळू शकतो. तेव्हा स्टिरिओसाठी चार पोलचा, आधी तोडणारा आणि मग जोडणारा स्विच, किमान १० अँपिअरचा. त्यात एक ॲम्प ट्यूबचा असेल तर स्विच दुसरीकडे असताना त्याला ८ ओहम ५० वॉटचा रेझिस्टर जोडलेला राहील अशी सोय करा. ट्यूब ॲम्प भाराविना चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

मग मदतनीस पडद्याआड बसेल, नाणं उडवेल आणि लिहून ठेवेल. तुम्हाला फक्त सांगायचं की वाजतंय ते ‘अ’ की ‘ब’. सोळा फेऱ्या. बारा बरोबर आले तर निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता ३.८ टक्के. दहा फेऱ्यांत आठ आले म्हणून नाचू नका, नशिबाने तेवढे साडेपाच टक्के वेळा येतात. मदतनीस तुमच्यासमोर बसला असेल तर त्याचा चेहरा उत्तर सांगतो, हे विसरू नका. आणि स्पीकरची तुलना असेल तर एकच स्पीकर मोनोत वाजवा. स्टिरिओच्या झगमगाटात स्पीकरचे दोष लपतात, मोनोत ते उघडे पडतात. दोन्ही स्पीकर एकाच जागेवर आणून ऐका. शेजारी-शेजारी ठेवले तर तुम्ही दोन जागांची तुलना करता.

ऐकायचं काय, हाही प्रमाणाचाच भाग आहे. अडचण अशी की रेकॉर्डिंग कुठल्यातरी स्टुडिओत कुठल्यातरी स्पीकरवर तोललेलं असतं. त्या स्पीकरचा दोष रेकॉर्डिंगमध्ये उलटा होऊन उतरतो आणि आपण त्या रेकॉर्डिंगने आपला स्पीकर तोलतो. टूल याला गोंधळाचं वर्तुळ म्हणतात. ‘प्रत्यक्ष मैफलीसारखं वाजतं’ हाही आधार कच्चा. सवाई गंधर्वच्या मंडपात किंवा कुठल्याही मोठ्या सभागृहात आपण ऐकतो ते माइक आणि पीए स्पीकरमधून आलेलं असतं. बिनमाइकची बैठक किती जणांनी अलीकडे ऐकली आहे?

या वर्तुळातून निसटायची वाट बीबीसीवाल्यांनीच घालून दिली. स्टुडिओतला जिवंत आवाज आणि शेजारच्या खोलीतला स्पीकर, आलटून-पालटून. घरी असं करा: आई, बायको, भाऊ, ज्याचा आवाज रोज कानावर पडतो त्याला रात्री गच्चीवर न्या. कठड्यापासून लांब, माइक तोंडापासून दोन फुटांवर, २४ बिट, कोणतीही प्रक्रिया न लावता दोन मिनिटं वर्तमानपत्र वाचून घ्या. गच्चीवर भिंती नसल्याने आवाजाबरोबर दुसऱ्या खोलीचा घुमारा येत नाही. मग तीच व्यक्ती खोलीत स्पीकरशेजारी बसवा, पातळी जुळवा आणि एक वाक्य तिचं, एक स्पीकरचं असं ऐका. छातीतून बोलल्यासारखं फुगलेलं आलं तर १०० ते २०० हर्ट्झ जास्त. डब्यातून आल्यासारखं असेल तर ५०० ते ८००. ‘स’ आणि ‘श’ टोचत असतील तर ५ ते ८ किलोहर्ट्झ. ‘चिमणी’तला तालव्य ‘च’ आणि ‘चमचा’तला दंततालव्य ‘च’ वेगळे ऐकू येतात का, हेही पाहा. वरचा पट्टा स्वच्छ नसेल तर ते एकमेकांत मिसळतात.

दुसरा खास आपला सिग्नल म्हणजे तानपुरा. पुरुषी काळी एकमध्ये जोडाच्या तारा १३९ हर्ट्झवर आणि खर्ज ६९ वर. चार आघात येतात: पंचम, जोड, जोड, खर्ज. वाजवणाऱ्याचा हात सारखा असतो. तुमच्या खोलीत चौथा आघात दर वेळी पुढे उडी मारत असेल किंवा बुडत असेल तर ती खोली आहे. डोकं एक फूट पुढे-मागे करा, बदललं तर खात्रीच. जवारीचा झणकार मात्र वरच्या हार्मोनिक्सचा. तो दोन्ही स्पीकरच्या मधोमध एका रेषेत उभा राहायला हवा. पसरला किंवा फिरायला लागला तर एका स्पीकरची पोलॅरिटी (धन-ऋण तारा उलट्या तर नाहीत ना), ट्वीटरची उंची किंवा बाजूची भिंत तपासा. पोलॅरिटी पाहायला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. धन लालला लावल्यावर दोन्ही वूफर एकाच दिशेने हलले पाहिजेत. डग्ग्याची घसरती मींड बेसमधले खड्डे दाखवते: सूर उतरताना मध्येच कुठे पोकळ झाला तर त्या जागी खड्डा आहे. असे पाच तुकडे, प्रत्येकी २० ते ३० सेकंदांचे, सीडीवरून काढलेले. ब्लूटूथ नको आणि संगणकाचा मिक्सरही मध्ये नको. स्ट्रीमिंग ॲपमधलं लाउडनेस नॉर्मलायझेशन बंद. हे तुकडे वर्षानुवर्षं बदलायचे नाहीत, कंटाळा आला तरी.

आणि मग टिकवणं. जमिनीवर स्पीकरच्या पायांभोवती टेपच्या खुणा, कानाची जागा दाखवायला छतावरून सोडलेला ओळंबा, व्हॉल्यूमची खूण, शंभर पानी वही. वहीत तारीख, तापमान, काय जोडलेलं होतं, टर्मिनलवरचे व्होल्ट. दर तीन महिन्यांनी आणि पावसाळा संपल्यावर एकदा, ओळंब्याखाली माइक ठेवून तीच मोजणी करा आणि जुन्या रेघेवर टाकून पाहा. २०० हर्ट्झच्या वर एक डेसिबलहून जास्त सरकली असेल तर शोध सुरू. कोकणात आणि मुंबईत बहुधा सापडतं ते असं: फोमचा सराउंड (वूफरच्या कोनभोवतीची लवचिक कड) दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत भुगा व्हायला लागलेला असतो (रबराचा टिकतो), आरसीए सॉकेट काळवंडलेलं असतं, किंवा जुन्या स्पीकरच्या क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कॅपेसिटर सुकलेले असतात. कधी कधी फक्त कुणीतरी कपाटातली पुस्तकं काढून नेलेली असतात.

खर्चाचं विचारलं होतं म्हणून क्रम सांगतो. सध्याचे स्पीकर, ॲम्प आणि डॅक तसेच ठेवा. पहिला पैसा मोजमापाचा माइक आणि मल्टिमीटरवर. दुसरा रॉकवूल आणि सुताराच्या मजुरीवर. तिसरा स्पीकर कानाच्या उंचीला आणणाऱ्या, वाळू भरलेल्या जड स्टँडवर. त्यानंतर मोजणीत डाव्या-उजव्याची जोडी जुळत नसेल तरच स्पीकर बदला, आणि निवडताना ज्याची सर्व दिशांची, ७० कोनांतली मोजणी (सीटीए-२०३४ या मानकाप्रमाणे) उपलब्ध आहे असाच घ्या. डॅकचा नंबर शेवटी. तो बदलण्याआधी आहे त्याच्याशी २.००० व्होल्टवर सोळा फेऱ्या.